पुढारी श्रीमंत असला म्हणून काय बिघडलं?

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात नगरसेवकाच्या कामावर बोलणं चाललं होतं. पंधरा-सोळा मुलंमुली होती, बहुतेक माग कामगारांच्या घरातली. मध्येच एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, जो माणूस चाळीस लाखांच्या गाडीतून उतरतो, त्याला माझ्या अब्बांची मजुरी मीटरमागे किती पैशांनी वाढली पाहिजे, हे कसं कळणार?" टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आणि गरीब माणूस निवडून आला, तर पाच वर्षांनी तोही त्याच गाडीतून उतरतो. मग?" या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सगळे हसले, आणि माझ्याकडे बघू लागले.

मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हे संपादकीय. प्रश्न त्या दोघांचा आहे, पण तो आपल्या सगळ्यांच्या मोहल्ल्यांत पडून आहे. पुढाऱ्याची स्वतःची संपत्ती मोठी असेल, तर कष्टकऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

आधी आकडे बघू. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा हिशोब मांडते. तिच्या अहवालानुसार २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत तपासलेल्या २८६ आमदारांपैकी २७७ कोट्यधीश आहेत, म्हणजे ९७ टक्के. आमदारामागे सरासरी मालमत्ता ४३ कोटींच्या वर. २०१९ मध्ये हीच सरासरी साडेबावीस कोटींच्या आसपास होती. आता दुसरी बाजू. २०२४ ला उभ्या राहिलेल्या उमेदवारांत कोट्यधीश होते सुमारे ३८ टक्के. उभे राहणाऱ्यांत ३८, जिंकणाऱ्यांत ९७. मुंबईत वाडवडिलांची एखादी खोली नावावर असली तरी माणूस कागदावर कोट्यधीश होतो, हे खरं. गावाकडच्या जमिनीचंही तसंच. पण ही सगळी सूट देऊनही चित्र फारसं बदलत नाही.

म्हणजे श्रीमंतीमुळे पुढाऱ्याची पत जाते, असं निदान मतपेटी तरी म्हणत नाही. घाटकोपर पूर्व मतदारसंघाचं उदाहरण घ्या. २०२४ ला तिथून निवडून आलेले पराग शहा व्यवसायाने बांधकाम क्षेत्रातले. त्यांनी प्रतिज्ञापत्रात ३,३०० कोटींहून अधिक मालमत्ता जाहीर केली होती आणि राज्यातले सर्वांत श्रीमंत उमेदवार म्हणून त्यांचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. त्याच मतदारसंघात रमाबाई आंबेडकर नगरसारखी कष्टकऱ्यांची मोठी वस्ती आहे. ते चांगल्या मताधिक्याने जिंकले. जाहीर केलेली संपत्ती हा गुन्हा नाही आणि मी इथे कुठलाही आरोप करत नाही. एवढंच सांगतो, की आकडा बघून मतदार दचकला नाही.

याच घाटकोपरात साठच्या दशकात डॉ. दत्ता सामंत यांचा दवाखाना होता. खाणीत दगड फोडणारे मजूर फुटलेले हातपाय घेऊन त्यांच्याकडे येत. तिथून ते कामगार चळवळीत गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यांच्या शब्दावर बाहेर पडले. डॉक्टर काही मजूर नव्हते. शिकलेले होते, पांढरपेशे होते. त्या संपाच्या डावपेचांवर आजही वाद होतो आणि तो व्हावाही. पण 'हा माणूस आपल्या बाजूचा आहे' हे कामगारांनी त्यांचं बँकेचं पुस्तक बघून ठरवलं नव्हतं. मालकासमोर बसल्यावर तो काय बोलतो, हे बघून ठरवलं होतं.

श्रीमंती आणि विश्वास

आमच्या कोल्हापुरात हा प्रश्न विचारला, की आधी राजर्षी शाहू महाराज आठवतात. राजाच होते ते, श्रीमंतीत काय कमी? पण २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, त्यातून दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग चाललं. खेड्यापाड्यांतली किती तरी मुलं तिथे राहून शिकली. पुढे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं. महाराजांनी माणसागणिक बक्षिसी वाटून थांबायचं ठरवलं असतं, तर लोकांनी तेवढ्यापुरता मुजरा केला असता आणि विसरले असते. त्यांनी हुकूम काढला, शाळा काढली, जागा राखल्या. ज्याला नोकरी मिळाली त्याला महाराजांच्या मर्जीची गरज उरली नाही.

दुसरं टोक सांगोल्याचं. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ ला. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून राज्य त्यांना ओळखत होतं. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा सगळ्या पक्षांच्या लोकांनी त्यांच्या साधेपणावर लिहिलं. पण सांगोल्याने त्यांना पुन्हा पुन्हा निवडलं, ते काही फक्त एसटीच्या तिकिटासाठी नाही. दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी ते आयुष्यभर भांडत राहिले, सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. साधेपणा त्या कामाच्या सोबतीला होता म्हणून तो खरा वाटला. नुसता साधेपणा कुणालाही करता येतो. निवडणुकीच्या तोंडावर झोपडीत बसून भाकरी खाणारे, रिक्षा चालवणारे, वडापाव तळणारे उमेदवार आपण दर वेळी बघतो. कॅमेरा गेला, की भाकरीही अर्धी राहते.

आणि तुमच्या मोबाइलवर गेलं वर्षभर जे फिरलं, त्याबद्दलही बोलू. न्यूयॉर्कचे जोहरान ममदानी. आई मीरा नायर, जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक. वडील महमूद ममदानी, कोलंबिया विद्यापीठातले नावाजलेले प्राध्यापक. विरोधकांनी हाच मुद्दा उचलला. सुखवस्तू घरातला मुलगा कामगारांच्या गोष्टी कशा करतो? आमदार म्हणून १ लाख ४२ हजार डॉलर पगार घेतो आणि भाडेनियंत्रण असलेल्या स्वस्त घरात राहतो, हे कसं? प्रश्न चुकीचा नव्हता. सार्वजनिक जीवनातल्या माणसाला तो विचारलाच पाहिजे. पण मतदार तिथेच थांबला नाही. नियंत्रित घरांचं भाडं गोठवायचं, बस मोफत करायची, लहान मुलांच्या पाळणाघरांची सोय करायची आणि त्याचा पैसा अतिश्रीमंतांवरच्या व बड्या कंपन्यांवरच्या करातून आणायचा, असं ते सांगत होते. कुणाला काय मिळणार आणि खर्च कोण भरणार, दोन्ही उघड होतं. तिथे उमेदवाराला शहरातल्या रहिवाशाने छोटी देणगी दिली, तर शहराची तिजोरी तिच्यात आठपट भर घालते, त्यामुळे लहान माणसाच्या नोटेलाही वजन असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये निम्म्याहून जास्त मतं घेऊन ते महापौरपदी निवडून आले. बोलल्याप्रमाणे करतात की नाही, हे न्यूयॉर्कचे लोक बघतील. आपल्यासाठी धडा एवढाच, की मतदार घराणं ऐकून घेतो, पण निर्णय मागण्यांवर करू शकतो.

माझ्या चाचांचं बिल

मग पैसा बिघडवतो कुठे? हे मला पुस्तकातून कळलं नाही, घरात कळलं.

माझे चाचा माग चालवायचे. बारा तासांची पाळी, आठवड्याला मजुरी, तीही किती मीटर कापड निघालं यावर. आमच्याकडे मजुरीचा दर पिकावर ठरतो; बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर दर काही वर्षांनी भांडण होतं. एका रात्रपाळीत चाचांचा हात सापडला. दोन बोटं गेली. खाजगी दवाखान्यात नेलं. बिल झालं पंचवीस हजारांच्या वर. घरात होते चार हजार.

तेव्हा मोहल्ल्यातले एक पुढारी मदतीला आले. पक्षाचं नाव सांगत नाही, त्यांचंही सांगत नाही. त्यांच्या स्वतःच्या मागाच्या शेड होत्या, गाड्या होत्या, बंगला होता. त्यांनी माणूस पाठवला, बिल भरलं, चाचांच्या उशाशी फळांची पिशवी ठेवली. अम्मी आजही त्यांना दुवा देते. त्या दिवशी आमच्यासाठी ते फरिश्ताच होते, आणि त्यांच्या मनातल्या चांगुलपणावर मी शंका घेत नाही.

दोन वर्षांनी मजुरीवाढीसाठी आणि विमा कार्डासाठी कामगार एकत्र येऊ लागले. चाचांच्या शेडमधले सगळे सभेला गेले. चाचा गेले नाहीत. मी तेव्हा बारावीला होतो, रागाने विचारलं. चाचा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बेटा, कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांचं मीठ खाल्लंय."

ज्यांच्या विरुद्ध मजुरी मागायची, त्या मालकांच्या बाजूनेच ते पुढारी बोलत होते. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यांचा धंदाच तो होता. पण ज्या हाताने बिल भरलं, त्याच हातात मजुरीचा दर होता. चाचांनी हिशोब केला असता, तर मीटरमागे काही पैसे वाढून दोन-तीन वर्षांत त्या बिलाची रक्कम त्यांना स्वतःच्या कष्टातून मिळाली असती. आणि मुळात ते बिल चाचांचं नव्हतंच. कामावर हात गेला, तर भरपाईचा कायदा १९२३ पासून होता. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा होता. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर तो लागू होत असे. पण शेड भावाच्या नावाने, बायकोच्या नावाने, मेव्हण्याच्या नावाने वाटल्या, की प्रत्येक ठिकाणी माणसं दहाच्या आत राहतात. चाचांना जे हक्काने मिळायला हवं होतं, ते उपकार म्हणून मिळालं, आणि त्या उपकाराने त्यांचं तोंड कायमचं बंद झालं.

माझं म्हणणं या एका गोष्टीत आहे. पुढारी श्रीमंत आहे म्हणून त्याच्यावरचा विश्वास जाऊ नये. विश्वास जायला हवा तो तेव्हा, जेव्हा त्याचा खिसा सरकारी तिजोरीच्या जागी येऊन बसतो. दवाखाना नीट चालत नाही, पण साहेबांची रुग्णवाहिका आहे, तिच्यावर साहेबांचा फोटो आहे. शाळेत शिक्षक नाही, पण साहेब वह्या वाटतात. नळाला पाणी नाही, पण साहेबांचा टँकर येतो. यातली प्रत्येक गोष्ट त्या दिवसापुरती गरजेची असते, हे मला मान्य आहे. पण नळाला पाणी आलं, तर टँकर कुणाला लागणार? आणि टँकर लागला नाही, तर साहेब कुणाला लागणार? हे गणित साहेबांना पाठ असतं.

आपल्या घरातली गोष्ट

आता थोडं कडू बोलतो. ही सवय आपल्या समाजात जास्त मुरली आहे, असं मला वाटतं. कारणं आहेत. २०२४ ला २८८ आमदारांत मुस्लिम आमदार दहा निवडून आले. राज्यात लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्क्यांच्या वर, सभागृहात साडेतीन टक्के. अशा वेळी जो कुणी 'आपला' उभा राहतो, त्याला प्रश्न विचारणं म्हणजे समाजाची बाजू कमकुवत करणं, असं वाटू लागतं. त्यात पोलीस ठाण्यात, हॉस्पिटलात, कॉलेजच्या प्रवेशात अडलं, की फोन करायला तोच असतो. म्हणून आपण विचारत नाही. नगरसेवक व्हायच्या आधी भाड्याच्या खोलीत राहणारा भाई, दहा वर्षांत तीन इमारतींचा मालक कसा झाला? उलट कौतुकाने म्हणतो, "अल्लाहने दिलं त्याला."

दिलं असेल. पण मागून घेतलंही असेल, तर ते आपलंच होतं.

आणि समाजाची बाजू कमकुवत होईल, ही भीती प्रत्येक ठिकाणी खरीही नसते. मालेगाव मध्यमध्ये २०२४ ला निकाल १६२ मतांनी लागला. पहिले दोन्ही उमेदवार मुस्लिम होते. यंत्रमागाच्या त्या गावात एका गल्लीतल्या कामगारांनी एकत्र येऊन दोघांना मजुरी, विमा आणि वीज यांवर लेखी उत्तर मागितलं असतं, तर दोघांनाही द्यावंच लागलं असतं. १६२ मतं म्हणजे काही मागांच्या शेड. त्याच मालेगावात एके काळी समाजवादी निहाल अहमद वर्षानुवर्षं निवडून येत. विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते. लोक त्यांना 'साथी' म्हणत. आज आपण पुढाऱ्याला काय म्हणतो? भाई, सेठ, साहेब, दादा. साथीला हटकता येतं. सेठला सलाम करावा लागतो.

दीनच्या नावाने हे सगळं झाकायचा प्रयत्न होतो, म्हणून दोन गोष्टींची आठवण करून देतो. दोन्ही तुम्ही लहानपणी ऐकल्या आहेत.

हजरत उस्मान (रजि.) मोठे व्यापारी होते, श्रीमंत होते. त्यांच्या श्रीमंतीला कुणी नावं ठेवली नाहीत. मदिनेत रूमा नावाची विहीर होती, तिचा मालक पाणी विकत असे. त्यांनी ती विकत घेतली. मग त्यांना हवं असतं, तर रोज सकाळी विहिरीवर उभं राहून आपल्या हाताने एकेकाला पाणी देता आलं असतं. प्रत्येकाने शुक्रिया म्हटलं असतं. त्यांनी विहीर सगळ्यांसाठी मोकळी केली आणि तिच्यावर आपला हक्क इतर कुणापेक्षा जास्त ठेवला नाही. इतरांच्या बादलीसारखीच त्यांची बादली. संपत्तीचा हा वापर आणि फोटो लावलेल्या टँकरचा वापर, यातला फरक मदरशातल्या मुलालाही कळेल.

दुसरी हजरत उमर (रजि.) यांची. वाटणीत प्रत्येकाला एकेक कापड आलं होतं. उमर धिप्पाड, त्यांचा अंगरखा एका कापडात होण्यासारखा नव्हता. ते बोलायला उभे राहिले, तर समोरून एकाने विचारलं, हे जास्तीचं कापड कुठून आलं? उमर यांनी त्याला गप्प बसवलं नाही. त्यांच्या मुलाने उठून सांगितलं, की माझ्या वाट्याचं मी वडिलांना दिलं. तेव्हा पुढचं बोलणं झालं. अधिकारी नेमताना ते त्याच्या मालमत्तेची नोंद करून घेत आणि नंतर वाढलेली दिसली, तर जाब विचारत, असंही इतिहासकारांनी लिहिलं आहे. खलिफाला भर सभेत कापडाचा हिशोब विचारता येत असेल, तर आपल्या नगरसेवकाला इमारतीचा हिशोब विचारणं बेअदबी कशी होते?

कागद हातात घ्या

आणि आपल्याकडे तर त्यासाठी कायदाही आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायद्यात बदल करून तो हक्क बोथट करायचा प्रयत्न केला. २००३ मध्ये न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. २०१८ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबून असलेल्यांचं उत्पन्न कुठून येतं, हेही उमेदवाराने सांगायचं. नमुना २६ नावाचं हे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. स्थानिक निवडणुकांतही प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

मी मुलांना सांगतो, एकच प्रतिज्ञापत्र वाचू नका. एकाच माणसाची दोन निवडणुकांची शेजारी शेजारी ठेवा. मग तीन गोष्टी बघा. पहिली, वाढ किती झाली आणि तिचं कारण पटतं का. वडिलोपार्जित जमिनीचा भाव वाढला असेल, तर तो भाग वेगळा काढा. उरलेली वाढ कशातून आली, ते विचारा. दुसरी, धंदा कोणता आहे. खाजगी शाळा, बांधकाम, माग, साखर, दवाखाना, काहीही असू दे. धंदा करणं पाप नाही. पण ज्या विषयात त्याचा फायदा आहे, त्या विषयात तो सभागृहात काय बोलला, हे तपासा. ज्याचा स्वतःचा दवाखाना आहे, त्याने सरकारी दवाखान्यासाठी कधी तोंड उघडलं का? ज्याच्या शेड आहेत, त्याने किमान वेतनावर काय भूमिका घेतली? किमान वेतनाचे दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासावेत, असं १९४८ च्या कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. तुमच्या उमेदवाराला हे माहीत आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. तिसरी, त्याने स्वतःच्या खिशातून काय वाटलं, हे मोजू नका. सरकारी तिजोरीतून तुमच्या वॉर्डासाठी काय मंजूर करून आणलं आणि ते पूर्ण झालं का, हे मोजा.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिचा प्रश्न जास्त अवघड आहे. गरीब उमेदवार निवडून आला, तर तोही बदलतो, मग काय करायचं?

तो का बदलतो, ते आधी बघू. विधानसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम दहा हजार रुपये. खर्चाची कायदेशीर मर्यादा चाळीस लाख. प्रत्यक्षात किती जातात, हे तुम्हाला मला सांगायला नको. मताच्या आदल्या रात्री गल्लीत काय फिरतं, ते तुम्ही बघितलं आहे. माग चालवणाऱ्याच्या मुलाने हे पैसे आणायचे कुठून? तो कुणाकडून तरी घेतो. ज्याच्याकडून घेतो, त्याचा होतो. निवडून आल्यावर आधी ते कर्ज फिटतं, मग पुढच्या निवडणुकीची तयारी. म्हणजे त्याला बिघडवायला सुरुवात आपणच केली. आपण त्याला मत दिलं, पण पैसा दुसऱ्याकडून घ्यायला लावला. पाचशेची नोट घेऊन मत देणारा कष्टकरी पाच वर्षांनी पुढाऱ्याला हिशोब विचारू शकत नाही. त्याचा हिशोब त्याच रात्री चुकता झालेला असतो.

यावरचा उपायही आपल्याच भागाने करून दाखवला आहे. २००९ ला हातकणंगले लोकसभा मतदारसंघातून राजू शेट्टी उभे राहिले, तेव्हा ऊस शेतकऱ्यांनी 'एक नोट, एक व्होट' म्हणत वर्गणी गोळा केली. साखर कारखानदारांच्या पट्ट्यात शेतकरी चळवळीतला माणूस खासदार झाला. पुढे त्यांचं राजकारण कसं वळत गेलं, यावर मतभेद असू शकतात, आणि नंतरच्या निवडणुकांत त्याच मतदारांनी त्यांना हरवलंही. मला ते चुकीचं वाटत नाही. ज्याने नोट दिली, त्याला परत बोलवायचाही हक्क असतो. उपकार घेतलेल्याला तो नसतो.

म्हणून त्या दोघांना माझं उत्तर असं आहे. गाडीच्या किमतीवरून माणूस ठरवू नका, ना चाळीस लाखांच्या, ना एसटीच्या. पण गाडी बघून गप्पही बसू नका. प्रतिज्ञापत्र काढा, दोन शेजारी ठेवा, मोहल्ल्यात वाचून दाखवा, मशिदीबाहेर नाही तर चहाच्या टपरीवर, जिथे सगळ्या जातीधर्मांचे कामगार बसतात. मजुरीचा प्रश्न फक्त मुस्लिमांचा नाही. मागावर आपल्या शेजारी उभा असलेला माणूस कानडी असेल, बिहारी असेल, मराठा असेल, त्याचं बोटही तेवढंच जातं. चांगला उमेदवार सापडला, मग तो गरीब असो की सुखवस्तू, तर त्याला पाचशेची नोट द्या, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि पुढच्या वेळी कुणाचा हात मागात सापडला, तर पुढाऱ्याला फोन करायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, हे बघा. भरपाईचा अर्ज कुठे करायचा, हे शिकून ठेवा. आमच्या अभ्यासवर्गाने पुढचे चार रविवार याच कामाला द्यायचं ठरवलं आहे. दोघी-तिघींनी अर्जांचे नमुने मराठीत सोपे करून लिहायला घेतले आहेत.

चाचा आता थकले आहेत. माग सोडून बरीच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात मी त्यांना हा लेख वाचून दाखवला. बिलाच्या गोष्टीपाशी आल्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "त्यांचं नाव नाही ना घातलंस?" मी म्हटलं, नाही चाचा. ते म्हणाले, "बरं केलंस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण त्या सभेला मी जायला पाहिजे होतं."